पर्याय क्रमांक दोन

इंदापूर,
मंगळवार, २७ जानेवारी २०२६

प्रिय राजलक्ष्मी,

हे पत्र हिंदुराव तुझ्या हातात देतील. टपालाने शाळेच्या पत्त्यावर पाठवले असते तर ते आधी तुमच्या कार्यालयात फोडले गेले असते, आणि यातला मजकूर कार्यालयासाठी नाही. हिंदुरावांना मेव्हण्याच्या घरच्या साखरपुड्यासाठी वडगावला यायचेच होते. पाकीट घेताना ते म्हणाले, "मॅडम, फोन लावा की सरळ. एवढं लिवत बसायला पीएच.डी. हाय का ही?" शाळेचा शिपाई माझ्याशी असे बोलू धजतो हा तुझ्याच काळात लागलेला सैलपणा आहे. फोन मी करू शकले असते. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला हसतेस आणि मी विषय बदलते. कागदावर मला ती सोय नाही. खाडाखोड झालेले पान मी पाठवत नाही हे तू जाणतेस, तेव्हा हे तिसऱ्यांदा उतरवलेले आहे एवढे समजून घे.

दहावीचा निरोप समारंभ येत्या ७ फेब्रुवारीला, शनिवारी, सकाळी दहा वाजता ठेवला आहे. आयोजनाचे हे माझे एकोणिसावे वर्ष. मंडप मागच्या मैदानात घालायचा आहे, कारण पुढच्या बाजूला महामार्गावरच्या ट्रकांच्या भोंग्यांत मुलांची मनोगते बुडतात. प्रमुख पाहुण्यांना बारा मिनिटे दिली आहेत आणि ती बारा मिनिटे आहेत हे त्यांना लेखी कळवले आहे. नववीच्या मुलींनी फुगे सुचवले होते. हा वाढदिवस नव्हे, असे सांगून मी झेंडूची तोरणे ठरवली. जेवणाला पुरी-भाजी आणि जिलबी. मुलांनी शाळेला भेट म्हणून भाषणाचा लाकडी स्टँड करवून घेतला आहे. सुताराने त्याची एक बाजू पाव इंच खाली ठेवली होती, ती मी परत पाठवून सारखी करून घेतली. विजयसिंह सर म्हणाले, "मॅडम, पाव इंच कोणाला दिसतंय?" मला दिसते. मुख्याध्यापकांना न दिसणाऱ्या गोष्टी कोणीतरी पाहाव्या लागतात. सारे काही ठरले आहे. ठरलेले नाही ते एवढेच, की या वर्षी मुलांच्या हातात प्रवेशपत्रे कोण देणार. त्यासाठीच लिहिते आहे. पण तिथपर्यंत यायला मला थोडे मागे जावे लागेल.

ही प्रथा तुझी. २०१६ सालचा समारंभ तुला आठवत असेल. मला तर त्यातला क्षण नि क्षण आठवतो. वीज गेली, जनरेटर सुरू होईना, माईक मुका झाला आणि पाहुणे टेंभुर्णीच्या अलीकडे अडकले होते. मी मिनिटा-मिनिटाचा कार्यक्रम छापलेला कागद हातात धरून उभी होते आणि त्या कागदावर अशा वेळी काय करावे हे लिहिलेले नव्हते. मुले चुळबुळू लागली. तेव्हा तू पदर कमरेला खोचलास आणि तुझ्या त्या शेताच्या बांधावरून हाक मारण्याच्या आवाजात ओरडलीस, "पोरांनो, माईक मेला तर मेला, हॉल तिकीट जितं हाय! ज्याला ज्या सरांच्या, ज्या मॅडमच्या हातनं घ्यायचंय, त्यानं त्यांच्यापुढं जाऊन हुबं राहायचं. पळा!" मुले पळाली. तुझ्यासमोरची रांग पाण्याच्या टाकीला वळसा घालून गेली. तू एकेकाच्या हातात कागद ठेवत होतीस, वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगत होतीस, आणि प्रत्येक जण तुझ्यापासून दूर होताना डोळे पुसत किंवा हसत होता, काही दोन्ही करत होते. माझ्यासमोर चौघे उभे होते. तिघांना संस्कृतमध्ये पैकीच्या पैकी गुण होते. चौथा, हे मला नंतर कळले, रांग चुकला होता.

पालकांना तो समारंभ एवढा आवडला की विजयसिंह सरांनी तो प्रकार दरवर्षी करायचा असे जाहीर केले. मी विरोध केला नाही. मी त्याला शिस्त लावली. पंधरा दिवस आधी प्रत्येक विद्यार्थ्याला छापील चिठ्ठी द्यायची, तिच्यावर त्याने आपले नाव आणि ज्यांच्या हातून प्रवेशपत्र हवे त्या शिक्षकांचे नाव लिहायचे, चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या, मी त्यांवरून क्रम लावायचा आणि खुर्च्या मांडायच्या. नमुना मी तुला दाखवला तेव्हा तू स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत, माझ्या पीएच.डी.ला चिमटा काढत म्हणालीस, "अगं डॉक्टर, मायेचा बी फॉर्म काढलास व्हय तू?" सगळे हसले. मीही हसले. पण पेटी माझ्याकडे राहिली, आणि तेव्हापासून दरवर्षी मी त्या चिठ्ठ्या मोजत आले. क्रम लावण्यासाठी मोजाव्या लागतच. पण क्रम लावून झाल्यावर तुझ्या किती आणि माझ्या किती हे वेगळ्या कागदावर मांडण्याची काही गरज नव्हती. ते मी करत होते. आजवर कोणालाही सांगितलेले नाही, आनंदला, स्वतःच्या नवऱ्यालाही नाही.

तुझ्याविषयी मला काय वाटते ते मी कधी नीट तपासले नव्हते. मी त्याला नापसंती म्हणत असे. तुझ्या साडीवर खडू असे, तुझ्या उत्तरपत्रिका मुदतीनंतर येत, तू वर्गात "हितं बघा, तितं काय ऱ्हायलं" असे बोलायचीस आणि भाषेच्या शिक्षिकेने ते ऐकून सोसायचे. हे सगळे खरेच आहे. पण नापसंती असलेल्या माणसाच्या वर्गाबाहेर कोणी रेंगाळत नाही. मी रेंगाळत असे. सातवीला तू क्षेत्रफळ शिकवत होतीस. फळ्यावर तुझ्या आबांचे शेत काढले होतेस, वाफे पाडले होतेस, आणि शेवटच्या बाकावरची मुले पुढे येऊन भांडत होती, की पाटाला एवढी जागा सोडली तर उसाला उरली किती. मी दाराआड उभी राहून मनातल्या मनात ते गणित सोडवले. दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला मी एक प्रयोग केला. त्याची मला अजून लाज वाटते. फळ्याकडे बोट दाखवून मी मुद्दाम म्हटले, "हितं बघा रे." वर्ग चिडीचूप झाला. पहिल्या बाकावरच्या मुलीने काळजीने विचारले, "मॅडम, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

आणि हे इथेच सुरू झाले असेही नाही. बी.एड.च्या वर्षी बारामतीला आपण एका खोलीत राहिलो तेव्हाच त्याची सुरुवात झाली होती. मी पुण्याहून आलेली, प्राध्यापकांची मुलगी, विद्यापीठात पहिली. तुझे आबा, सर्जेराव, दर रविवारी दुधाची किटली घेऊन यायचे आणि मला "पुण्याच्या ताई, तुमी बी घ्या" म्हणून आधी माझा पेला भरायचे. तुझी पाठटाचणे मी लिहून द्यायची; तू ती वर्गात नेऊन पहिल्या पाच मिनिटांत बाजूला ठेवायचीस. सराव पाठांच्या शेवटच्या दिवशी त्या शाळेतली मुले तुझ्यामागे एसटी स्टँडपर्यंत धावत आली होती. मी तुझ्या शेजारून चालत होते. त्यांच्यातल्या एकाने मला म्हटले, "ताई, जरा बाजूला व्हता का?" परीक्षकांनी मला अठ्ठ्याऐंशी गुण दिले, तुला बासष्ट. त्या रात्री गुणपत्रिका उशाशी घेऊन मी झोपले, आणि तरी मला झोप लागली नाही.

पुढे आपण दोघी इंदापूरच्या एकाच शाळेत आलो, आणि तुझ्या हाताखाली माझी अश्लेषा आली. इथे मला एक दिवस लिहावाच लागेल, जो तू कदाचित विसरली असशील. अश्लेषा सातवीत होती, जानेवारी होता. मी पहिल्या मजल्यावर दहावीचा तास घेत होते. ती खाली, तुझ्या वर्गात होती, आणि तिची पाळी पहिल्यांदा त्या दिवशी आली. आपल्या शाळेच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. ती त्या चढून माझ्याकडे आली नाही. बाक सोडून तुझ्याकडे आली. तू तिला तुझी शाल गुंडाळलीस, स्टाफरूममध्ये नेलेस, सगळे समजावलेस, हिंदुरावांना गरम दूध आणायला पाठवलेस, आणि मधल्या सुट्टीत वर येऊन मला म्हणालीस, "लेक मोठी झाली तुझी. आज घरी कायतरी गोड कर." तू हसत होतीस. मी म्हटले, "मला बोलवायला हवे होतेस." तुझे हसू मावळले. तू म्हणालीस, "आगं, तीच म्हणाली, आईला आत्ता नको सांगू." मी ते वाक्य तीन वर्षे घेऊन फिरते आहे. घरी मी शिरा केला. अश्लेषाने दोन घास खाल्ले आणि सांगितले, की राजलक्ष्मी मॅडमची शाल धुऊन द्यायची आहे. ती शाल मी धुतली, इस्त्री केली, आणि हिंदुरावांच्या हाती पाठवली. मी स्वतः आणून दिली नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये तू आईच्या आजारपणासाठी वडगावला बदली मागून घेतलीस. तुझ्या निरोपाचे भाषण मी केले आणि ते उत्तम झाले असे सगळे म्हणाले. मला वाटले होते, आता मोजणी बदलेल. बदलली नाही. पुढच्या फेब्रुवारीत पेटी उघडली तर साठांतल्या एक्केचाळीस चिठ्ठ्यांवर तुझे नाव, शाळेत नसलेल्या शिक्षिकेचे. विजयसिंह सरांनी तुला बोलावले. तू उशिरा आलीस, चपलांना उसाच्या रानाची माती तशीच, आणि पाहुण्यांचे भाषण सुरू असताना साठ मुले खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. पाहुणे थांबले. त्यांना वाटले, आपल्याला टाळ्या मिळत आहेत. तू दारातूनच म्हणालीस, "बसा, बसा. मी कुठं मंत्री हाय?" मंडप हशाने भरून गेला. मी माईकजवळ उभी होते. चार आठवडे राबून उभा केलेला माझा समारंभ तुझ्या एका वाक्यात तुझा झाला. त्या दिवशी घरी जाताना मी ठरवले, की हे पुन्हा होऊ द्यायचे नाही.

म्हणून, राजलक्ष्मी, गेल्या वर्षी तुला निमंत्रण आले नाही. ते हरवले नव्हते आणि विसरलेही नव्हते. बासष्टांपैकी सत्तावीस मुलांनी तुझे नाव लिहिले होते. मी विजयसिंह सरांना सांगितले, की मी तुला फोन केला होता. तुझ्या शाळेचा समारंभ त्याच दिवशी आहे, त्यामुळे तुला येणे जमत नाही. मुलांनाही वर्गात जाऊन हेच सांगितले. मी खोटे बोलले, आणि माझ्या नेहमीच्या स्वच्छ, पूर्ण वाक्यांत बोलले, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. जुलैमध्ये बारामतीच्या प्रशिक्षणात तू चहाच्या रांगेत मला कोपराने ढोसून विचारलेस, "काय डॉक्टर, यंदा इसारलात व्हय आमाला?" तेव्हा मी म्हटले, या वर्षी कार्यक्रम छोटाच केला. तू बशीत चहा ओतून फुंकर मारलीस आणि म्हणालीस, "बरं केलं. तुझी वडाताण कमी झाली." त्याही क्षणी मला राग आला, तो तुझ्या चांगुलपणाचा.

त्या समारंभात काय झाले ते तुला कोणीतरी सांगितले असेल किंवा नसेल, मी सांगते. सत्तावीस मुलांना मी आम्हा बाकीच्या शिक्षकांत वाटून दिले होते. सव्वीस निमूट गेली. शेळगावची स्वरदा, जिला आठवीपर्यंत पाढे येत नव्हते आणि जिला तू रोज सुट्टीनंतर थांबवून घ्यायचीस, तिचे नाव पुकारले तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी प्रवेशपत्र पुढे केले. ती म्हणाली, "मॅडम, टेबलावर ठिवा." मला वाटले, मी नीट ऐकले नाही. ती पुन्हा म्हणाली, अगदी नम्रपणे, "टेबलावर ठिवा ना. मी घेते." साडेतीनशे माणसांसमोर मी ते टेबलावर ठेवले. तिने ते उचलले, टेबलाला नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसली. कार्यक्रम संपल्यावर तिची आजी, द्वारकाबाई, मला शोधत आल्या. हातात पिशवी होती. म्हणाल्या, "त्या बाईस्नी जमलं न्हाय व्हय? आसंल काम. पोरीला त्यांनी गणितात काढली वर. ही त्यांची वटी. तुमी त्यांच्या मैत्रीण न्हवं, तुमी द्या पोचती करून." पिशवीत एक इरकली खण होता, हिरवा, लाल काठाचा, आणि नारळ. मी "हो" म्हटले. खण माझ्या कपाटात वर्षभर पडून आहे. नारळ त्याच आठवड्यात फोडून आम्ही चटणीत खाल्ला. हे वाक्य मी पहिल्या दोन प्रतींत गाळले होते.

आता या वर्षाकडे येते. तो टेबलाचा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून मी चिठ्ठीचा नमुना सुधारला. पहिल्या ओळीखाली दुसरी छापली: "पर्याय क्रमांक दोन". पहिले शिक्षक उपलब्ध नसल्यास कोण, हे विद्यार्थ्यानेच लिहून द्यावे, म्हणजे वाद नको. खाली सूचनाही घातली: कोणतीही जागा रिकामी सोडू नये. परवा, रविवारी दुपारी, मी पेटी घरी आणून जेवणाच्या टेबलावर उघडली. आनंद पलीकडे वर्तमानपत्र वाचत होता. अठ्ठावन्न चिठ्ठ्या. तुझ्या एकोणीस. तू जाऊन अडीच वर्षे झाली तरी एकोणीस! माझ्या पाच. तुझ्या एकोणिसांतली बारावी चिठ्ठी मी नाव न वाचताच ओळखली, कारण ते अक्षर मी स्वतः घडवलेले आहे, रोज एक पान, तिसरीपासून. पहिल्या ओळीवर लिहिले होते: राजलक्ष्मी मॅडम. पर्याय क्रमांक दोन: टेबल.

आनंदने माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, वाचली, घडी घालून परत ठेवली आणि म्हणाला, "मग बोलव की तिला." त्याला सगळेच इतके सोपे वाटते. मी अश्लेषाला हाक मारली. चिठ्ठी पुढे सरकवून विचारले, हा काय पोरकटपणा आहे. ती म्हणाली, "तूच लिहिलंयस ना आई, जागा रिकामी सोडायची नाही." मी म्हटले, मॅडमना वेळ नसतो, गेल्या वर्षीही त्यांना जमले नव्हते. त्यावर तिने माझ्याकडे पाहिले. तुला तिची ती नजर माहीत आहे. गणित चुकले आहे हे कळूनही समोरच्याने स्वतः ओळखावे म्हणून थांबते तेव्हाची. ती म्हणाली, "गेल्या वर्षी निमंत्रणांच्या पाकिटांवर पत्ते मी लिहिले होते. माझं अक्षर चांगलं म्हणून तूच सगळी पाकिटं मला दिलीस. त्यात वडगावचं पाकीट नव्हतं. आणि फोन केला म्हणालीस, त्या दिवशी दिवसभर तुझा फोन दुरुस्तीला होता." एक वर्षभर तिला हे ठाऊक होते. नववीची म्हणून ती त्या समारंभात पेनांचे तबक घेऊन त्या टेबलाशेजारीच उभी होती. तिने सगळे पाहिले, घरी आली, माझ्या हातचे जेवली, आणि काही बोलली नाही. मी स्वतःला भाषा जाणणारी म्हणवते. एवढे दीर्घ मौन माझ्या घरात नांदत होते आणि मला ते ऐकू आले नाही.

मग मी तो प्रश्न विचारला जो तीन वर्षे विचारायचा होता. त्या दिवशी, सातवीत, बावीस पायऱ्या चढून तू माझ्याकडे का आली नाहीस? तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, "तू आधी युनिफॉर्मकडे बघितलं असतंस." मी तिला नाही म्हणायला तोंड उघडले. पण मला तो स्कर्ट आठवला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर शिरा करण्याआधी मी तो स्कर्ट पाण्यात भिजवला होता आणि डाग जाईल की नाही याचीच चौकशी केली होती. अश्लेषा उठली, जाता जाता टेबलावरच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे तिने माझ्यासारखेच कडा जुळवून नीट केले. तेवढ्याने मला रडू आले. आनंदने वर्तमानपत्र उंच धरले.

काल झेंडावंदन झाल्यावर मी विजयसिंह सरांच्या खोलीत गेले आणि गेल्या वर्षीची खरी गोष्ट सांगितली. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "मॅडम, हे तुम्हीच त्यांना कळवा. मी कळवण्यात अर्थ नाही." उद्या मी दहावीच्या वर्गात जाऊन मुलांनाही सांगणार आहे. काय सांगायचे ते लिहून काढले आहे. चार वाक्ये आहेत, चारही छोटी. स्वरदा आता बारामतीला अकरावीत आहे. तिच्या पत्त्यावर आणि द्वारकाबाईंच्या नावे शेळगावला निमंत्रणे गेली आहेत. पत्ते अश्लेषाने लिहिले. तुझ्या पाकिटावरचे अक्षरही तिचेच आहे, ते तू ओळखले असशील. द्वारकाबाईंचा खण हिंदुरावांकडे दिला आहे. नारळ नवा आहे, आणि तो नवा आहे हे मी द्वारकाबाईंना सांगेन.

तेव्हा राजलक्ष्मी, हे निमंत्रण आहे. गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे, दोन्ही. माझे मन निवळले आहे आणि आता मला तुझा हेवा वाटत नाही, असे लिहिले तर ते आणखी एक खोटे ठरेल. वाटतो. आत्ता लिहितानाही वाटतो आहे. तू हे पत्र वाचून रागावणार नाहीस, उलट तुला माझीच कणव येईल, या कल्पनेनेसुद्धा वाटतो. तो तसाच राहू दे, पण तू ये. तू आली नाहीस तर माझी मुलगी सगळ्यांसमोर टेबलावरून प्रवेशपत्र उचलेल, आणि तिचे चुकले असे मला म्हणता येणार नाही. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध राखली आहे. उशिरा आलीस तरी चालेल, चपलांना माती असली तरी चालेल. मुले उठून उभी राहतील याची मी पाहुण्यांना आधीच कल्पना दिली आहे. माईकजवळ मी नसेन. सूत्रसंचालनाचा कागद मी नववीच्या मुलींच्या हाती दिला आहे आणि त्यात त्यांनी केलेले बदल वाचलेले नाहीत. एकोणीस वर्षांत प्रथमच मी पालकांच्या रांगेत बसणार आहे, आनंदच्या शेजारी, उजवीकडून सहाव्या खुर्चीत. अश्लेषाला तिचे प्रवेशपत्र तू दे. तिच्या कानात जे काही सांगशील, ते मी तिला विचारणार नाही.

तुझा हेवा करत आलेली, आणि तरी तुझीच,
वृषाली